‘चेतवणे’ हे क्रियापद केव्हा वापरावे आणि केव्हा टाळावे

ग्रामसभेचा वृत्तान्त, श्रमदानाचा अहवाल, पुण्यतिथी सोहळ्याची बातमी किंवा निवृत्त होणाऱ्या शिक्षकाचे मानपत्र लिहायला बसणाऱ्याला एक गोष्ट कधी ना कधी सांगावीच लागते: अमक्याच्या शब्दाने, कृतीने किंवा नुसत्या उपस्थितीने लोकांच्या अंगात असा उत्साह शिरला की ते तहानभूक विसरून कामाला लागले. हे सांगण्यासाठी मराठीत चेतवणे, पेटवणे, भारणे, झपाटणे, भडकवणे, चिथावणे अशी क्रियापदे हाताशी आहेत. त्यांपैकी कोणतेही उचलले तरी चालते असा समज असल्यामुळे विदर्भातील गावोगावच्या लिखाणात कधी गौरवाच्या जागी आरोप, तर कधी आरोपाच्या जागी गौरव छापून जातो आणि दुसऱ्या दिवशी ज्याचे नाव छापले तो माणूस दारात येऊन उभा राहतो.

येथे मुख्य शब्द ‘चेतवणे’ हाच धरला आहे, कारण पराकोटीचा उत्साह आणि शाबूत विवेक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगणारे दुसरे क्रियापद मराठीत सहज सापडत नाही. शेजारच्या शब्दांतून तो निवडून काढण्याची कसोटी एकच आहे. उत्साह चढल्यानंतर त्या माणसाची बुद्धी त्याच्या स्वतःच्या ताब्यात राहिली की दुसऱ्याच्या ताब्यात गेली, हे लिहिणाऱ्याने आधी ठरवायचे आणि मग क्रियापदाकडे वळायचे.

मूळ अर्थ आणि त्यातून निघणारा नियम

विस्तवाने धग धरणे म्हणजे चेतणे. ज्या घरात अजून चूल आहे तेथे हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही: पहाटे चुलीतली राख बाजूला सारली की रात्रीचा एखादा निखारा हाती लागतो, त्यावर पऱ्हाटीच्या बारीक काड्या ठेवायच्या, फुंकणीने हळूहळू फुंकायचे, आधी धूर, मग काडीच्या टोकाला लाल ठिपका आणि मग एकदम जाळ. काडेपेटीने पेटवलेल्या चुलीलाही लोक ‘चेतवली’ म्हणतात, परंतु शब्दाचा खरा जीव राखेखालच्या निखाऱ्यात आहे. चेतना, चैतन्य, सचेतन हे शब्द ज्या संस्कृत धातूपासून आले त्याच ‘चित्’ धातूशी चेतणे या शब्दाचे नाते आहे, म्हणून त्यात जाळाबरोबर जाणीवही आहे.

यावरून वापराचा पहिला नियम निघतो. जे आधीपासून आत आहे, पण निपचित पडले आहे, तेच चेतवता येते. स्वाभिमान, आशा, जिद्द, विझत चाललेली मने, पराभवाने खचलेले कार्यकर्ते, मुकी बसलेली ग्रामसभा हे सर्व चेतवता येतात. योजना, प्रकल्प, निधी किंवा समिती चेतवता येत नाही, आणि ‘नव्या पाणीपुरवठा योजनेला चेतविण्यात आले’ असे वाक्य कोणी लिहिलेच तर ते तत्काळ खोडून ‘योजना सुरू झाली’ असे साधे लिहावे. ज्याच्या मनात त्या विषयाचा लवलेशही नव्हता त्याला वेडाच्या भरात कोणी ओढले असेल, तर तेथेही हा शब्द बसत नाही. त्याला नादी लावले, फूस लावली किंवा भुलवले असे म्हणावे.

व्याकरणाचे थोडे

चेतणे हे अकर्मक आणि चेतवणे हे त्याचे प्रयोजक रूप. पेटणे-पेटवणे, भडकणे-भडकवणे यांचीही घडण तशीच आहे. भूतकाळात कर्म माणूस असेल तर त्याला ‘ला’ किंवा ‘ना’ लागतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबते: ‘बाईंनी मुलींना चेतवले’, ‘त्यांनी गावाला चेतवले’. कर्म भाववाचक किंवा निर्जीव असेल तर प्रत्यय गळतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे फिरते: ‘त्यांनी विझलेली मने चेतवली’, ‘तरुणांची जिद्द चेतवली’, ‘निखारे चेतवले’, ‘अभिमान चेतवला’. ‘चेतवणे’ आणि ‘चेतविणे’ ही दोन्ही रूपे लेखनात आढळतात, मात्र एकाच मजकुरात दोन्ही मिसळू नयेत.

भारणे या शब्दाची गोष्ट उलट आहे आणि तेथेच पुष्कळांची गफलत होते. तेथे मूळ क्रियापदच सकर्मक असून ‘भारावणे’ हे त्यातून निघालेले अकर्मक रूप आहे, म्हणून ‘वक्त्याने सभा भारली’ आणि ‘सभा भारावली’ ही दोन्ही वाक्ये बरोबर, पण ‘वक्त्याने सभेला भारावले’ हे कानाला खटकते. तसे म्हणायचेच असेल तर ‘भारून टाकले’ किंवा ‘भारावून टाकले’ असे जोडक्रियापद वापरावे.

भारणे आणि चेतवणे: एका मंडपातले दोन परिणाम

मंत्र घालून वस्तूत शक्ती उतरवणे हा भारण्याचा जुना अर्थ आहे. भारलेला दोरा, भारलेले पाणी, भारलेला अंगारा हे शब्द खेड्यात आजही कानावर पडतात, आणि या सर्वांत वस्तू स्वतः काही करीत नाही, तिच्यावर काही केले जाते. माणसांना हे क्रियापद लावले की हाच अर्थ त्यांच्याबरोबर येतो: ऐकणारा मुग्ध झाला, खिळला, स्वतःला विसरला. तो नंतर उठून काही करील की नाही, याविषयी हे क्रियापद काहीच बोलत नाही.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची नाटके या शब्दासाठी अगदी योग्य जागा आहे. दिवाळीनंतर धानाची कापणी उरकत आली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाटक मंडळ्या ट्रकमधून सामान घेऊन येतात आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. घोंगडी पांघरून बसलेली माणसे नायिकेच्या एका गाण्यासाठी ‘वन्स मोअर’चा गिल्ला करतात, खलनायकाला शिव्या घालतात, विनोदी पात्राबरोबर हसतात आणि उजाडल्यावर पुन्हा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, भारे बांधायला जातात. अशा प्रेक्षकांविषयी ‘नाटकाने प्रेक्षकांना चेतवले’ असे लिहिणे म्हणजे नसता भार वाढवणे होय. ‘नाटकाने प्रेक्षक भारून गेले’ एवढे पुरे, कारण तेवढेच खरे आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला गाडगेबाबांचे कीर्तन ठेवावे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या आणि १९५६ साली देह ठेवलेल्या या पुरुषाची रीत अशी होती की कीर्तनाच्या गावी पोहोचताच आधी हातातल्या खराट्याने रस्ते आणि गटारे साफ करायची आणि रात्री उभे राहून लोकांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण करावा काय, देवाला बोकड लागते काय, पोराला शाळेत घालावे की गुरामागे पाठवावे, अशा धाटणीचे ते प्रश्न असत आणि उत्तर समोरच्या गर्दीतून यावे लागे. उत्तर स्वतःच्या तोंडून निघाल्यामुळे ऐकणाऱ्याला ते नाकारता येत नसे. येथे ‘बाबांनी श्रोत्यांना भारले’ असे लिहिले तर प्रश्नोत्तराची ही सारी रीतच पुसली जाते. बुद्धीला जागे करून कामाला लावण्याचा हा प्रकार असल्यामुळे ‘चेतवले’ हाच शब्द येथे शोभतो. पुण्यतिथीच्या दरवर्षीच्या बातमीत तो क्वचितच सापडतो आणि ‘मंत्रमुग्ध’ हटकून सापडतो, ही गंमतच म्हणायची, कारण मंत्र-तंत्र, नवस-सायास यांवरच बाबांचा सर्वांत मोठा घाव होता.

तुकडोजी महाराजांविषयी लिहिताना दोन्ही क्रियापदे लागतात आणि त्यांचा क्रमही पाळावा लागतो. यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या महाराजांचे साधन म्हणजे खंजिरी. तिच्या ठेक्यावर भजन चढू लागले की मंडप भारून जाई, आणि येथपर्यंत भारणे हा शब्द योग्य आहे. पण चिमूरला १९४२ साली जे घडले ते निव्वळ भारलेल्या लोकांकडून घडणे शक्य नव्हते. त्या वर्षी १६ ऑगस्टला तेव्हाच्या चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी या दोन्ही ठिकाणी लोक इंग्रज सरकारविरुद्ध उठले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंचे जीव गेले, आणि त्याच महिन्यात महाराजांना अटक होऊन त्यांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. भजनांनी मंडप भारला आणि माणसे चेतवली, असे दोन पायऱ्यांचे वाक्य लिहिल्यास भजन आणि उठाव यांच्यातला दुवा नेमका राहतो.

हाच प्रसंग सरकारी बाजूने टिपणाऱ्याच्या लेखणीतून ‘चिथावणी’ असाच उतरणार, हेही लक्षात घ्यावे. क्रियापद बदलले की पक्ष बदलतो. लिहिणाऱ्याला पक्ष घ्यायचा असेल तर त्याने तो उघडपणे घ्यावा. नकळत घेतलेला पक्ष मात्र लेखनाचा दोष ठरतो.

पेटणे आणि पेटवणे यांतील विचित्र तफावत

‘गाव पेटून उठले’ हे वाक्य वाचणाऱ्याला अभिमान वाटतो. ‘गाव पेटले’ म्हटले की दंगल किंवा आग डोळ्यांपुढे येते, आणि ‘अमक्याने गाव पेटवले’ असे लिहिले तर तो थेट गुन्हेगार ठरतो. धातू एकच असून अर्थ तीन दिशांना गेले आहेत. कारण असे दिसते की ‘उठणे’ हे सहायक क्रियापद माणसांच्या स्वतःच्या हालचालीचा निर्देश करते, तर ‘पेटवणे’ या रूपात पेटणारा निव्वळ जळण होऊन बसतो. म्हणून जमावाचे कौतुक करायचे असेल तेव्हा प्रयोजक रूप टाळून ‘पेटून उठणे’ वापरावे, आणि पेटवणाऱ्याचेच कौतुक करायचे असेल तर ‘चेतवणे’ घ्यावे किंवा कर्म बदलून ‘मने पेटवली’, ‘स्फुल्लिंग पेटवले’ असे लिहावे.

भडकवणे या शब्दाला चांगली बाजू नाहीच. माथी भडकतात, आग भडकते, भाव भडकतात, आणि यांपैकी एकाही ठिकाणी कोणी समाधानी नसतो. कापसाच्या भावावरून झालेल्या रास्ता रोकोची बातमी लिहिताना ‘नेत्याने शेतकऱ्यांना भडकवले’ हे वाक्य बाजूचे नव्हे, विरोधाचे आहे.

चिथावणे त्याहून गंभीर आहे, कारण तो कायद्याचा शब्द आहे. गुन्ह्यास प्रवृत्त करण्याला किंवा साहाय्य करण्याला कायद्याच्या मराठीत ‘अपप्रेरणा’ म्हणतात आणि चिथावणी देणे हा तिचाच एक प्रकार मानला जातो. भारतीय दंड संहितेत ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. त्यामुळे न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ‘चिथावणी दिली’ असे न लिहिता ‘चिथावणी दिल्याचा आरोप आहे’ असेच लिहावे, मग ती बातमी चार ओळींची का असेना.

झपाटणे, ध्यास, वेड, चेव

झपाटणारे मूळचे भूत आहे. आता ती जागा कल्पनेने, ध्येयाने किंवा कामाने घेतली असली तरी एखाद्या व्यक्तीला कर्ता करून ‘गुरुजींनी विद्यार्थ्यांना झपाटले’ असे लिहिले की जुने भूत पुन्हा डोके वर काढते. ‘विद्यार्थी विज्ञान प्रदर्शनाच्या कल्पनेने झपाटले’ हे वाक्य मात्र सुरेख आहे. थोडक्यात, झपाटण्याचा कर्ता माणूस असू नये.

नामे वापरताना त्यांच्या जोडीच्या क्रियापदांकडे पाहावे, कारण मराठीने तेथेही विवेकाचा हिशेब ठेवला आहे. ध्यास आपण घेतो, वेड मात्र लागते. ध्यास घेणारा कर्ता असतो. वेड ज्याला लागते तो चतुर्थीत जाऊन बसतो आणि त्याच्या इच्छेचा प्रश्नच उरत नाही. ‘त्यांनी आयुष्यभर वाचनालयाचा ध्यास घेतला’ आणि ‘त्यांना वाचनालयाचे वेड लागले होते’ या दोन वाक्यांतील दुसरे जिव्हाळ्याचे आहे, पण मानपत्रात पहिलेच शोभते. स्फुरण चढते, संचार होतो, अंगात वारे भरते. या सर्वांत माणूस केवळ भांडे असतो.

चेव या शब्दाची जागा निराळी आहे. तो येतो किंवा चढतो, टिकत नाही, आणि त्यात प्रतिस्पर्ध्याचा वास असतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरसारख्या ठिकाणच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, हा शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने पाहायला मिळतो: जोडी सुटण्याआधी बैल जागेवरच खूर आपटू लागतो, धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, कासरा आवळून त्याला धरून ठेवतो, बाजूने आरोळ्या उठतात आणि झेंडी पडताच काही सेकंदांत सारे संपते. महाराष्ट्राने शर्यतींसाठी केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवला, पटाच्या बातम्या आता पुन्हा भरभरून येतात आणि त्यांत ‘चेव’ शब्दही परतला आहे. तेथे तो हवाच. पण पाच वर्षे नेटाने चाललेल्या व्यसनमुक्तीच्या कामाला ‘महिलांना चेव आला’ असे म्हटले तर त्या कामाची सारी चिकाटी क्षणभराच्या ईर्षेवर येऊन ठेपते.

आणखी एक वाक्प्रचार येथेच उरकून घेऊ. खोटी स्तुती करून कुणाच्या अंगात बळ आणल्यास त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणे म्हणतात. हरभऱ्याचे रोप किती उंच असते हे शेतकऱ्याला सांगायला नको. निवडणुकीच्या दिवसांत ज्याला उमेदवारी भरायला लावले जाते तो बहुधा चेतवलेला नसतो, याच झाडावर चढवलेला असतो.

हिंदीच्या शेजारामुळे होणारी गल्लत

विदर्भात हिंदी कानावर सतत असते आणि तिचे काही शब्द मराठीसारखेच दिसतात. हिंदीत ‘चेतावनी’ म्हणजे धोक्याची सूचना, आणि त्याच धाटणीने ‘वनविभागाची गावकऱ्यांना चेतावणी’ असा मथळा वाघाच्या बातमीवर दिला जातो. मराठी वळणाने वाचणाऱ्याला त्यात वनविभाग गावकऱ्यांना कशासाठी तरी उठवत असल्याचा भास होतो. यासाठी मराठीत ‘इशारा’ हा पुरेसा शब्द आहे आणि तोच वापरावा. ईर्षेचेही असेच. मराठीत ‘ईर्षेने काम केले’ म्हणजे चुरशीने, जिद्दीने केले. हिंदी ‘ईर्ष्या’ मत्सराकडे झुकते. दोन्ही भाषा वाचणाऱ्या गावात ‘ईर्षेला पेटून’ लिहिण्यापेक्षा ‘जिद्दीला पेटून’ लिहिणे सुरक्षित. ‘उत्तेजित करणे’ सभेच्या बातमीत नकोच. ‘प्रेरित करणे’ चुकीचे नाही, पण इतके गुळगुळीत झाले आहे की वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

एक वाक्य दुरुस्त करून पाहू

समजा, श्रमदानाच्या अहवालाच्या कच्च्या मसुद्यात असे वाक्य आले: ‘सरपंचताईंनी आपल्या जोशपूर्ण भाषणाने संपूर्ण गावाला झपाटून टाकले व सर्व ग्रामस्थ प्रचंड भारावून भडकून उठले व श्रमदानाला लागले.’ या वाक्यात चार क्रियापदे एकमेकांचा गळा धरून उभी आहेत. झपाटण्याचा कर्ता माणूस झाला आहे, भारावलेला माणूस भडकत नसतो, आणि ‘प्रचंड’ हा शब्द कशालाच लागू पडत नाही.

दुरुस्ती करताना आधी शब्द न पाहता घटना पाहावी. गावात आधी काय होते? उन्हाळ्यात टँकरमागे गुंड-घागरी घेऊन धावणाऱ्या बायांचा राग होता. सरपंचताईंनी काय केले? तो राग ग्रामसभेत बोलून दाखवला आणि नाला खोल करण्याचा मार्ग पुढे ठेवला. मग काय झाले? दुसऱ्या दिवशी पहाटे लोक टिकाव, फावडी, घमेली घेऊन नाल्यावर हजर झाले. आता वाक्य आपोआप सरळ होते: ‘टँकरमागे धावून थकलेल्या बायांचा राग सरपंचताईंनी ग्रामसभेत बोलून दाखवला, त्याला नाला खोलीकरणाची वाट दाखवली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाव टिकाव-फावडी घेऊन नाल्यावर उतरले.’ या वाक्यात ‘चेतवले’ कोठेही नाही आणि ते असण्याची गरजही नाही, कारण निखारा, फुंकर आणि जाळ तिन्ही दिसत आहेत. शब्द मथळ्यासाठी राखून ठेवावा: ‘सरपंचताईंनी गाव चेतवले’. मथळ्यात तपशिलाला जागा नसते, तेथे हे एक क्रियापद साऱ्या अहवालाचे काम करते.

कधी कधी मात्र मथळ्यातही ते घालू नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत वर्षानुवर्षे पाळली, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली आणि वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवले. अशा गावाविषयी ‘अमक्याने गाव चेतवले’ असे लिहिले की श्रेय एका माणसाच्या पदरात पडते आणि अभ्यासगटांत बसून चर्चा करणारे शेकडो लोक वाक्यातून बाहेर फेकले जातात. तेथे अकर्मक रूप घ्यावे, ‘गाव चेतले’ म्हणावे, किंवा त्याहून बरे म्हणजे ‘गावाने ठरवले’ असे लिहावे. ज्या उत्साहामागे इतका विचार आहे त्याला आगीचा शब्द लावण्याचे कारणच उरत नाही.

राहिला प्रश्न बोलीचा. मुलाखत देणारा म्हातारा ‘तवा गावातल्या पोट्ट्यायले असा चेव चढला का रातभर कोनी निजलं नाही’ असे म्हणत असेल, तर त्याचे वाक्य अवतरणात जसेच्या तसे ठेवावे आणि त्याचे ‘युवक प्रेरित झाले’ असे भाषांतर करून त्याच्या तोंडी घालू नये. अवतरणाबाहेर, आपल्या स्वतःच्या निवेदनात, त्या रात्रीनंतर ते काम टिकले की नाही ते विचारून घ्यावे. टिकले असेल तर ‘चेतले’ लिहावे, आणि चार दिवसांत थांबले असेल तर म्हाताऱ्याचा ‘चेव’ हाच शब्द आपल्याही वाक्यात राहू द्यावा.